अठरा जर्नल्स, एकच पळस

मागच्या आठवड्यात एम.एस्सी. पहिल्या वर्षाची टॅक्सॉनॉमीची प्रॅक्टिकल जर्नल्स तपासायचं काम माझ्याकडे आलं. पीएच.डी. करणाऱ्याकडे अशी कामं येतातच, त्याबद्दल तक्रार नाही. एकूण अठरा जर्नल्स होती. फॅबेसी कुळासाठी सगळ्यांना एकच झाड दिलेलं होतं, पळस. विभागापासून दोनशे पावलांवर पळस उभा आहे आणि फेब्रुवारीत तो असा फुलतो की आंधळ्यालाही दिसावा.

अठरापैकी सतरा जर्नल्समध्ये पळसाचं फूल डावीकडे तोंड करून होतं. सतराही फुलांची वरची मोठी पाकळी, म्हणजे ध्वज, वाटाण्याच्या फुलासारखी पसरलेली. सतराही ठिकाणी 'नौका' असं लिहिलेली रेघ पंखावर जाऊन थांबलेली. पळस ज्यांनी हातात धरलाय त्यांना ठाऊक आहे की त्या फुलात नौका हीच सगळ्यात नजरेत भरणारी गोष्ट आहे. पोपटाच्या चोचीसारखी वळलेली, मोठी, टोकदार. ती चुकीची दाखवायला फूल न बघावंच लागतं.

मग मला जरा गंमत सुचली. सतरांपैकी सहा जर्नल्समध्ये पळसाच्या शेंगेत पाच बिया होत्या. त्या सहांपैकी दोघांनी 'डायडेल्फस' शब्दाचं स्पेलिंग अगदी सारखं चुकवलं होतं. म्हणजे चुकीच्या आत चूक आणि तिच्या आत आणखी चूक. क्लॅडोग्राम काढायला आपल्याला शिकवतात तेव्हा हेच सांगतात ना, की नातं ठरवायचं ते नव्याने आलेल्या सामायिक लक्षणांवरून. मी मागच्या पानावर पेन्सिलने या जर्नल्सची वंशावळ काढली. सगळ्यांच्या मुळाशी एक जुनं गाईडबुक निघालं, कुणाचं ते इथं सांगायची गरज नाही. त्यात पळसाच्या नावाखाली वाटाणाच छापलाय. मधली एक कडी कुणा सीनियरच्या जर्नलची, पाच बियांची शेंग तिथं जन्माला आली. पानाच्या वर मात्र ठळक अक्षरात ब्यूटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एक बी असलेली. नावाखालीच नावाला खोटं ठरवणारं चित्र, आणि सहा जणांना ते खटकलं नाही.

अठरावं जर्नल किनवटकडच्या एका मुलीचं. तिचं चित्र दिसायला वाईट होतं. रेष थरथरलेली, दोन ठिकाणी खोडरबराने कागद फाटत आलेला. पण नौका जागेवर होती, बाकदार. निदलपुंज जाड, काळपट, मखमली दाखवायचा तिने प्रयत्न केला होता. शेंग चपटी आणि एकच बी, तेही शेंगेच्या टोकाला. सुरुवातीला मी सतरा जणांना सात-आठ मार्क दिले आणि तिला पाच. हे मुद्दाम लिहितेय. संशोधन करणाऱ्या माझ्याही डोळ्याला आधी स्वच्छ रेष दिसली, फूल नाही. खरं तर वंशावळीचा खेळ केला नसता तर ते पाच मार्क तसेच राहिले असते.

तुमच्यापैकी बरेच जण सेट-नेट किंवा पेटची तयारी करताय, काहींचं रजिस्ट्रेशनही झालं असेल. चित्र ही गोष्ट आपण बारावीतच मागे टाकली असं आपल्याला वाटतं. मी लातूरच्या त्याच वातावरणात शिकले, जिथं एक आकृती वीस वेळा काढून घेतात आणि ती तीन मिनिटांत जमायला हवी असते. त्या सरावाने हात तयार होतो, हे मी नाकारणार नाही. पण तो हात पुस्तकातली आकृती काढायला तयार होतो. समोर झाड ठेवलं की तोच हात पुन्हा पुस्तकातलीच आकृती काढतो.

वनस्पतीचं चित्र हे विधान असतं, असं माझं मत आहे. 'पळसाला पानं तीनच' ही म्हण घ्या. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती तीन पानं नाहीत, एका पानाच्या तीन पर्णिका आहेत. हे कशावरून? बगलेतल्या कळीवरून. पानाच्या देठाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. आता तुम्ही फांदीचं चित्र काढलं आणि देठाचा तळ पुसट सोडला, कळी दाखवली नाही, तर तुमचं चित्र या प्रश्नाचं उत्तरच देत नाही. तीन पानं की एक पान, बघणाऱ्याने काय समजायचं? शिवाय कडेच्या दोन पर्णिकांचा तळ तिरका असतो, दोन्ही बाजू सारख्या नसतात, मधली मात्र सारखी. सतरा जर्नल्समध्ये तिन्ही पर्णिका एकाच साच्यातून काढल्यासारख्या होत्या, बेलाच्या पानाच्या रांगोळीसारख्या. दिसायला छान, पण पळसाबद्दल काहीच न सांगणाऱ्या.

पळसाचीच गोष्ट पुढे नेते, कारण या झाडाचा चित्रांशी संबंध जुना आहे. हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याने तो करवून घेतला. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे केरळचे वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांचं नागरी लिपीतलं कोकणी निवेदन पहिल्याच खंडात छापलंय आणि चित्रांवरही नागरी अक्षरात नावं कोरलेली आहेत. सतराव्या शतकातल्या डच पुस्तकात आपली अक्षरं बघताना मजा वाटते. त्याच्या सहाव्या खंडात पळस 'प्लासो' नावाने येतो. पुढे अ‍ॅडान्सनने तेच नाव जीनसला दिलं. नंतर ब्यूटिया हे नाव रूढ झालं आणि नियमाने राखून ठेवलं गेलं. तसं झालं नसतं तर आज परीक्षेत आपण 'प्लासो' लिहिलं असतं. ब्यूटिया हे नाव एका स्कॉटिश राजकारण्यावरून, अर्ल ऑफ ब्यूटवरून आलंय. त्याचा पळसाशी काय संबंध ते विचारू नका.

त्यानंतर रॉक्सबर्ग. हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. कलकत्त्याच्या बागेत जाण्याआधी तो काकिनाड्याजवळ सामलकोटला होता. नांदेडच्या घाटावरून जे पाणी पुढे जातं ते त्याच भागात समुद्राला मिळतं. तिथं त्याने भारतीय चित्रकार नेमून झाडं काढून घेतली. 'प्लांट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल' या त्याच्या तीन खंडांत ३०० चित्रं आहेत, १७९५ ते १८२० या काळात छापलेली, आणि त्यात पळस आहे. रॉक्सबर्गने दिलेलं ब्यूटिया फ्रॉन्डोसा हे नाव टिकलं नाही. त्याच्या आधीच लामार्कने या झाडाला मोनोस्पर्मा म्हटलं होतं, तेही पांगाऱ्याच्या जीनसमध्ये घालून. नाव गेलं, चित्र मात्र आजही उपयोगाचं आहे.

माझं सगळ्यात आवडतं काम मात्र रॉबर्ट वाइटच्या 'आयकॉनीज'मधलं आहे. १८३८ ते १८५३, सहा खंड, २१०१ चित्रं, मद्रासला छापलेली. रंग नाहीत, साधे लिथोग्राफ. इंटरनेटवर स्कॅन मोफत मिळतात, आज रात्री उघडून बघा. पहिल्यांदा बघाल तेव्हा निराश व्हाल. काही पानं जाड रेषेची, काही पुसट छापलेली, भिंतीवर लावावं असं फार थोडं. पण पानाच्या खालच्या भागाकडे बघा. पाकळ्या सुट्या करून ठेवलेल्या, पुंकेसरांची नळी उघडलेली, अंडाशयाचा छेद, बी. समजा वर्णन हरवलं आणि ते पान तेवढं राहिलं, तरी त्या झाडाला की लावून बघता येईल. या चित्रांमागे रंगय्या आणि गोविंदू हे दोन चित्रकार आहेत. वाइटने १८५३ मध्ये ऑर्किडच्या एका जीनसला गोविंदूचं नावही दिलं. ते आज ट्रॉपिडियात विलीन झालंय, पण एका चित्रकाराचं नाव नामकरणाच्या इतिहासात शिरलं ते शिरलंच.

आता महाराष्ट्रातलं उदाहरण. पुण्याजवळच्या दापोडीला कंपनीची वनस्पती बाग होती. तिचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० च्या सुमारास एका चित्रकाराकडून सुमारे १७० चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबरोच्या बागेच्या संग्रहात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक केलं. रंग, पानाची झळाळी, फांदीचा डौल या बाबतीत ती वाइटच्या चित्रांना मागे टाकतात. ती काढणारा पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं, नाव कुठंच नाही. गोविंदूला जीनस मिळाली आणि दापोडीच्या माणसाला साधी सहीही नाही. दोन्ही संग्रह शेजारी ठेवून बघताना मला हे दर वेळी टोचतं. आणि तरीही माझ्या कामासाठी मी वाइटच उघडते. दापोडीचं काम बागेचं आहे. बागेत काय लावलंय, बाहेरून काय आणलंय, ते कसं फुललंय याची ती सुंदर नोंद आहे. माझा प्रश्न असतो की ही जात शेजारच्या जातीपासून वेगळी कशी. एका चित्राने दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यावीत असा आग्रह नको, पण आपण कुठल्या प्रश्नासाठी बसलोय हे काढणाऱ्याला ठाऊक हवं.

सध्या रील्सवर बोटॅनिकल वॉटरकलरचे क्लास खूप दिसतात. माझ्या दोन मैत्रिणी शिकतात आणि त्यांचा जास्वंद बघून हेवा वाटतो. शिका, जरूर शिका, रंगाची नजर फुकट जात नाही. फक्त त्याला टॅक्सॉनॉमीचं चित्र समजू नका. तिथं जास्वंदीची एक पाकळी वाळलेली निघाली तर ती काढावी की टाकावी हे चित्र कसं दिसेल त्यावर ठरतं. आपल्याकडे ते जातीच्या लक्षणांवर ठरतं.

मराठवाड्याचं काय? १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. त्यामुळे कुकने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याचा फ्लोरा लिहिला, त्यात आपला भाग आला नाही. दापोडीच्या माणसानेही आपला माळ बघितला नसावा. या भागाचं सलग काम आलं ते व्ही. एन. नाईक सरांचं. १९७९ चा 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद', आणि १९९८ मध्ये दोन खंडांत 'फ्लोरा ऑफ मराठवाडा'. लातूरच्या मुलांनो, पहिल्या पुस्तकावर उस्मानाबाद लिहिलंय म्हणून ते बाजूला ठेवू नका. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, पुस्तक त्याआधीचं आहे, तुमचा बालाघाटाचा माळ त्यातच आहे.

मुद्दा असा की आपल्या भागातली वनस्पती इथंच, ताज्या नमुन्यावरून काढलेली, अशी चित्रं फार कमी आहेत. मग नक्कल सुरू होते. नकलेला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. कीर्तिकर आणि बसू यांचा 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' हा ग्रंथ १९१८ चा. कान्होबा कीर्तिकर हे मुंबईचे मराठी डॉक्टर, ग्रंथ निघायच्या आधीच १९१७ मध्ये वारले. त्यातली पुष्कळ चित्रं आधीच्या ग्रंथांतल्या चित्रांवरून केलेली आहेत. पण मूळ ग्रंथ महाग, दुर्मिळ, परदेशातल्या ग्रंथालयात पडलेले. अशा वेळी ती चित्रं एकत्र आणून देणं हे मोठं काम होतं. आमच्या जर्नलला ती सबब नाही. झाड दोनशे पावलांवर आहे.

नामकरणाच्या नियमात एक कलम आहे, बहुतेक जण परीक्षेपुरतं वाचून सोडून देतात. १ जानेवारी १९०८ च्या आधी एखाद्या जातीचं नाव नुसत्या चित्रासहही वैध ठरू शकायचं, वर्णन नसलं तरी. अट एकच, की चित्रासोबत 'अ‍ॅनालिसिस' हवा, म्हणजे ओळख पटवणारे बारीक भाग वेगळे काढून दाखवलेले हवेत. फूल उघडून दाखवलं तर ते चित्र वर्णनाच्या तोडीचं, नुसती फांदी काढली तर नाही. वाइटच्या पानाचा खालचा भाग मला का महत्त्वाचा वाटतो ते आता लक्षात येईल.

आता माझी गोष्ट. माझं काम शेंगवर्गीय वनस्पतींवर आहे, त्यात अ‍ॅलिसिकार्पस आहे. गवतात लपलेलं बारकं रोप, पळसाला तीन पर्णिका तर याला एकच. दुसऱ्या वर्षी मी एक प्लेट काढली, चौदा दिवस लागले. फांदी एका शीटवरून, फूल ताज्या नमुन्यावरून, शेंग तिसऱ्या शीटवरून. शाई स्वच्छ, ठिपके मोजून मारलेले. आरएसीच्या प्रेझेंटेशनला मी ती अभिमानाने पडद्यावर लावली. एका सदस्याने विचारलं, "ही शेंग कुठल्या नंबरच्या नमुन्याची?" मी नोंदच ठेवली नव्हती. परत जाऊन शीट काढली तर तिच्यावर दोन रोपं एकत्र चिकटवलेली. फांदी व्हजायनॅलिसची होती आणि शेंग दुसऱ्या रोपाची, मण्यांच्या माळेसारखी आवळलेली, म्हणजे मोनिलिफरची. चौदा दिवस खपून मी जगात नसलेली वनस्पती काढली होती.

फोटोत हे झालं नसतं, हे मान्य. म्हणून आता बऱ्याच शोधनिबंधांत रेखाचित्राऐवजी फोटोंची प्लेट असते. फोटो एकाच नमुन्याचा असतो, खोटं बोलला तरी मर्यादेत बोलतो. पण फोटोत केसाळपणा झाकला जातो, एक भाग फोकसमध्ये आला की दुसरा जातो. आणि पळसासारखं झाड, ज्याचा बहर आणि भरलेली पानं बहुधा वेगवेगळ्या महिन्यांत मिळतात, ते एका फ्रेममध्ये कसं आणणार? चित्राला ते जमतं. जोडणी हे चित्राचं बळ आहे आणि माझं अ‍ॅलिसिकार्पस तिथंच फसलं. उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक भागाच्या कोपऱ्यात पेन्सिलने नमुन्याचा नंबर, आणि चित्राखालच्या ओळीतही तो नंबर.

काढायचं कसं, हे थोडक्यात. पळसाचं फूल झाडावरचं घ्या, खाली पडलेलं नको. आधी अख्खं फूल बाजूने. मग ध्वज काढा, पंख काढा. पंख नौकेला चिकटलेले असतात, घाई केली तर फाटतात. नौका एका बाजूने चिरा, आत पुंकेसर नऊ जोडलेले आणि एक सुटा दिसतील. ते मोजा, पाठ आहे म्हणून लिहू नका. वाळलेलं फूल असेल तर आधी पाण्यात उकळून मऊ करा. मापं डिव्हायडरने घ्या. विभागात कॅमेरा ल्युसिडा धूळ खात असेल तर पुसून वापरा, वोलास्टनने १८०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून कल्पना तीच आहे. टूएच पेन्सिल, मग ट्रेसिंग पेपरवर ०.१ चं पेन. उजेड वरून डावीकडून आलाय असं धरून सावलीचे ठिपके. केस असतील तिथंच आणि ज्या दिशेला असतील त्याच दिशेला काढायचे, रिकामी जागा भरायला नाही. आणि 'दुप्पट मोठं' असं लिहू नका, स्केल बार काढा. छापताना चित्र लहान केलं की 'दुप्पट' खोटं ठरतं, बार चित्राबरोबर लहान होतो.

पहिली प्लेट वाईटच निघेल. माझ्या वहीत अजून त्या आहेत, दाखवणार नाही.

जर्नल्स परत देताना मी सतरा जणांना झाडाखाली नेलं. बहर सरला होता, शेंगा लटकत होत्या. प्रत्येकाला एक शेंग तोडून उघडायला लावली. एकाने टोकातली ती चपटी बी तळहातावर घेऊन विचारलं, "ताई, बाकीच्या चार गळल्या असतील का?" सगळे हसले, तोही हसला. त्या सतरांना मी पुन्हा काढून आणायला सांगितलंय, पुढच्या सोमवारपर्यंत. किनवटच्या मुलीच्या पाचाचे नऊ केले. एक मार्क कापला. तिने स्केल बार काढला नव्हता.